केडगांवची पंडिता

पंडिता रमाबाईंचें नांव निघालें कीं पुण्यांत अजूनहि पहिला प्रश्न उठतो तो धर्मांतराचा. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १८८९ त मुंबईस काढलेलें शारदासदन पुढच्याच सालीं पुण्यास आलें. आणि बाईंच्या प्रार्थनेस विद्यार्थिनी बसूं लागल्या म्हणून १८९३ त रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकहि सल्लागार-मंडळांतून बाहेर पडले. धर्माच्या बाबतींत सदन तटस्थ राहील असें आश्वासन होतें. तेव्हां पालकांचा रोष निव्वळ आंधळा होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु हा वाद संपतो तेथून पुढचें त्यांचें आयुष्य आपण फारसें पाहिलेंच नाहीं.

तरुणपणीं दक्षिणेंतील दुष्काळांत बाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण हीं एकामागून एक गेलीं. रानांतला पाला खाऊन दिवस काढले, पण विद्वान ब्राह्मणाच्या घराला मजुरी करणें कमीपणाचें वाटलें, हें बाईंनींच लिहून ठेविलें आहे. ही कबुली आम्हांस फार मोलाची वाटते. कारण १८९७ त मध्यप्रांतांत दुष्काळ पडला तेव्हां त्या स्वतः तेथें गेल्या आणि सुमारें ३०० मुली व बायका घेऊन आल्या. पुण्यांत प्लेग, म्हणून त्यांना केडगांवच्या माळावर नेलें. सदनास उत्पन्न व्हावें म्हणून ती जमीन आधींच घेतलेली होती. तेथें या अनाथ मुली काय शिकल्या? अक्षरें तर खरींच, पण त्याबरोबर शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखान्याचें काम. जी लाज आपल्या आईबापांना नडली ती या मुलींच्या वाट्यास येऊं नये, असाच याचा अर्थ आम्ही करितों. १९०० च्या गुजराथेंतील दुष्काळानंतर मुक्तिसदनांतील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

ख्रिस्ती झाल्या म्हणून सरकारच्या झाल्या, हाहि एक समज. त्याच १८९७ सालीं पुण्याच्या सरकारी प्लेग-इस्पितळांतील स्त्रियांच्या हालांबद्दल त्यांनीं वर्तमानपत्रांत उघड लिहिलें, आणि गव्हर्नरसाहेबांचा राग ओढवून घेतला.

उतारवयांत हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं बायबल मराठींत आणण्यास घेतलें. पंडितांसाठीं नव्हे, तर नुकत्याच वाचूं लागलेल्या बायकांसाठीं. खिळे जुळविणें व छपाई केडगांवच्या स्त्रियांनींच केली. १९२१ च्या जुलईंत एकुलती कन्या मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ त बाहेर पडला.