बर्फाच्या पोटात शिरलेला रेडिओ

अर्नाळ्याच्या बंदरात होड्या समुद्रात निघण्याआधी त्यांत बर्फ भरला जातो. माझ्या लहानपणी भुशात ठेवलेल्या मोठमोठ्या लाद्या यायच्या. त्या लादीला डोळा लावून आरपार बघायचा आम्हा मुलांना नाद होता. कडेचा बर्फ काचेसारखा नितळ असे, पण मधोमध पांढरट पट्टा असे आणि तिथे नजर अडायची. तो पट्टा म्हणजे अडकलेल्या हवेचे बुडबुडे. वीतभर जाडीच्या बर्फात माणसाची नजर अशी थांबते, तर शेकडो मीटर जाड हिमनदीच्या पोटात काय आहे, हे कुणी आणि कसं पाहिलं?

रेडिओने पाहिलं. मी रेडिओवर बोलतो आहे म्हणून त्याची तरफदारी करतोय, असं श्रोत्यांनी समजू नये.

आमच्या अब्बांचा एक ट्रान्झिस्टर होता. दारं-खिडक्या लावून, गोधडीच्या आत घेतला तरी तो गात राही. लोखंडी कपाटात ठेवून दार लावलं की मात्र मुका होई. उजेड जिथे पोहोचत नाही अशा कितीतरी वस्तूंतून रेडिओलहर पार जाते. धातू तिला अडवतो, खारं पाणीही अडवतं. थंड, कोरडा बर्फ मात्र विजेचा फार दुबळा वाहक. त्यातून ती खोलवर जाते आणि तळाच्या खडकावर आपटून परत येते.

हे आधी कळलं ते चुकीतून. दुसऱ्या महायुद्धापासून विमानांत रडारचे उंचीमापक आले. लहर खाली सोडायची, परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून जमीन किती खाली आहे ते काढायचं. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फावर मात्र ही उंची भलतीच दिसू लागली. यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते बर्फाखालच्या खडकाचं अंतर सांगत होतं आणि वैमानिक ते बर्फाच्या पृष्ठभागाचं समजत होते. आपण पुष्कळ उंचावर आहोत या भरवशावर विमान खाली आणणं म्हणजे मरणाशी गाठ. अमेरिकन लष्कराच्या सिग्नल विभागातले अ‍ॅमरी वेट यांनी 1950च्या दशकात या चुकीचं कारण प्रयोगांनी दाखवून दिलं.

त्याच सुमारास अंटार्क्टिकातल्या हॅली बे या ब्रिटिश ठाण्यावर आकाशाकडे रेडिओलहरी सोडण्याचं काम चाललं होतं. वातावरणात उंचावर आयनोस्फिअर नावाचा विद्युतभारित थर आहे. शॉर्टवेव्हवरची परदेशी केंद्रं आपल्याला ऐकू येतात ती त्याच्या कृपेने. त्याचा अभ्यास करताना यंत्रावर एक भलताच प्रतिध्वनी उमटला. तो आकाशातून आलेला नव्हता, पायाखालच्या बर्फाच्या तळावरून आलेला होता. पुढे केंब्रिजच्या स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेतल्या स्टॅन्ली इव्हान्स यांनी खास बर्फासाठीच रडार बनवलं. साल 1963, वारंवारता 35 मेगाहर्ट्झ.

हिशेब शाळकरी आहे. बर्फात लहर एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात सुमारे 168 मीटर जाते. अशा तीन भागांनी प्रतिध्वनी आला, तर जाऊन-येऊन प्रवास 504 मीटर झाला. म्हणजे बर्फाची जाडी 252 मीटर.

पण नुसता तळ दिसून गोष्ट संपली नाही. कागदावर अधेमधे रेषा उमटू लागल्या, एकीखाली एक, मैलोन्‌मैल. कुठे बर्फाची घनता बदललेली, कुठे एखाद्या जुन्या ज्वालामुखीच्या उद्रेकाबरोबर आलेलं आम्ल हिमात बसलेलं. एक रेषा म्हणजे एका काळात पडलेलं हिम. ती जिथे वाकते, तिथे बर्फ कसा वाहिला ते समजतं. 1967 ते 1979 या काळात ब्रिटिश, अमेरिकन आणि डॅनिश संशोधकांनी अंटार्क्टिकावर विमानातून 4 लाख किलोमीटरहून अधिक लांबीची मोजणी केली. बर्फाखाली चक्क तळी सापडली. 1973 सालच्या एका निबंधात अशी 17 तळी नोंदली आहेत.

त्या मोजणीच्या फिल्म्स कपाटांत पडून होत्या. अलीकडे त्या संगणकावर उतरवून नव्या नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या. 2019 साली निष्कर्ष आला, की थ्वेट्स हिमनदीच्या समुद्रावर तरंगणाऱ्या पूर्वेकडच्या भागाची जाडी 1978 ते 2009 मध्ये 10 ते 33 टक्क्यांनी घटली आहे. त्या फिल्म्स कुणी जुनाट म्हणून रद्दीत काढल्या असत्या तर? आपल्याकडच्या कचेऱ्या आठवून माझ्या अंगावर काटा आला.

आता हिमालयाकडे येऊ. चंद्रभागा म्हटलं की मराठी माणसाला पंढरपूर दिसतं. दुसरी चंद्रभागा हिमाचलात आहे. लाहौलमध्ये चंद्रा आणि भागा या नद्या तांदी इथे मिळतात आणि पुढे ती चिनाब होते. चंद्रेच्या खोऱ्यात छोटा शिग्री ही हिमनदी आहे. हिमालयातला असा बर्फ ध्रुवावरच्याइतका थंड नसतो. त्यात वितळलेलं पाणी मुरलेलं असतं आणि आखूड लहरी त्यात विखुरतात. म्हणून तिथे लांब लहरी वापराव्या लागतात, आपल्या शॉर्टवेव्हच्या पट्ट्यातल्या. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि फ्रान्सच्या संशोधकांनी ऑक्टोबर 2009 मध्ये छोटा शिग्रीवर रडारने आडवे छेद घेतले. 4,400 मीटर उंचीवर बर्फ 124 मीटर जाड निघाला आणि 4,900 मीटरवर 270 मीटर. आमच्या विरारच्या सात मजली इमारती एकावर एक रचल्या तर बारा-तेरा लागतील.

उपग्रहाच्या चित्रात हिमनदीची लांबी-रुंदी नेमकी दिसते. पण तिच्यात पाणी किती साठलंय, हे जाडी कळल्याशिवाय सांगता येत नाही. हिमालयात प्रत्यक्ष जाडी मोजलेल्या हिमनद्या मोजक्याच आहेत. बाकीच्यांचा अंदाज उतार आणि वाहण्याचा वेग यांवरून बांधलेला असतो. चिनाबच्या काठी शेती करणाऱ्याचं पाणी अजून अशा अंदाजावर उभं आहे.

या कामात आपल्या कोकणपट्टीचाही हात आहे. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर घामाच्या धारा, आणि आत उणे 20 अंशांच्या खोलीत अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे दंडगोल. त्यांचं वय काढता येतं आणि तेवढ्यावरून रडारमधल्या रेषांना तारखा लावता येतात. याच केंद्राने 2016 साली स्पितीत, 13,500 फुटांवर, ‘हिमांश’ हे ठाणं सुरू केलं. चंद्रेच्या खोऱ्यातल्या हिमनद्यांसाठी तिथे जी साधनं नेली त्यांत बर्फात डोकावणारं रडारही आहे. बर्फावर अँटेना पसरायची, एका जागी मोजायचं, पुढे सरकायचं, पुन्हा मोजायचं. आणि काही वर्षांनी त्याच रेषेवर परत यायचं.