रेझनिक : सुरीवरून पडलेले आडनाव

काही आडनावे गावावरून पडतात, काही धंद्यावरून. रेझनिक हे दुसऱ्या प्रकारातले. स्लाव्ह भाषांमध्ये 'रेझ' म्हणजे कापणे आणि 'निक' हा ते काम करणाऱ्याचा प्रत्यय. रेझनिक म्हणजे कापणारा. सोप्या मराठीत, खाटीक.

पण सगळीकडे या नावाचा अर्थ सारखा नाही. चेक भाषेत साध्या मांसविक्रेत्याला 'रझेझनिक' म्हणतात, त्यामुळे तिथे हे आडनाव बहुतेक ख्रिस्ती घरांत सापडते. त्याच शब्दाचे लाडके रूप 'रेझनिचेक', म्हणजे छोटा खाटीक. एमिल निकोलाउस फॉन रेझनिचेक (1860-1945) हा ऑस्ट्रियन संगीतकार याच आडनावाचा, आणि तो ज्यू नव्हता.

रशियन भाषेत मात्र साध्या खाटकाला 'म्यास्निक' म्हणतात. 'रेझनिक' हा शब्द तिथे विशेष करून ज्यूंच्या धार्मिक पद्धतीने जनावर कापणाऱ्यासाठी वापरला जाई. हिब्रूत त्याला 'शोखेत' म्हणतात. शोखेत होणे सोपे नव्हते. धर्मशास्त्राचा अभ्यास करावा लागे, रब्बीची मान्यता मिळवावी लागे. सुरीच्या धारेला बारीकशी खाच असली तरी ती चालत नसे. म्हणून वस्तीत शोखेतला मान असे.

घरात शोखेत, मग कागदावर रेझनिक कसा झाला? पूर्व युरोपातल्या बहुसंख्य ज्यूंना अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत कायम आडनाव नव्हते. अमुकचा मुलगा तमुक, एवढ्यावर काम भागे. सरकारांना कर आणि सैन्यभरतीसाठी पक्की नोंद हवी होती. ऑस्ट्रियाने 1787 मध्ये आणि रशियाने 1804 मध्ये ज्यूंना आडनाव घेण्याची सक्ती केली. त्या वेळी शेजारीपाजारी ज्या नावाने हाक मारत, तेच अनेकांच्या दप्तरी लागले. शिंप्याचा क्रावेत्स झाला, शोखेतचा रेझनिक. काही घराण्यांनी शोखात किंवा शेख्टर ही नावे घेतली. काम तेच, भाषा वेगळी.

युक्रेन आणि बेलारूसमधून हे नाव स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेले आणि तिथे 'रेसनिक' झाले. अमेरिकन कवी चार्ल्स रेझनिकॉफ याच मुळातला. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेत मरण पावलेली अंतराळवीर जुडिथ रेसनिकही याच नावाची.

आपल्याकडे याचे जवळचे उदाहरण मुलाणी. जुन्या मराठी गावगाड्यात जनावर हलाल करण्याचे काम मुलाण्याकडे असे. बलुतेदारांच्या अनेक याद्यांत त्याचे नाव आहे. तिथेही कामाचे आडनाव झाले आणि सुरी सुटली तरी आडनाव राहिले. आज कितीतरी मुलाणी शिक्षक आहेत, वकील आहेत.

आडनाव ऐकले की आपण लगेच माणसाची जात आणि धर्म ठरवून मोकळे होतो. पण रेझनिक ज्यू असेल किंवा ख्रिस्तीही असेल. आपल्याकडे पाटील, देशमुख, इनामदार हिंदूही आहेत आणि मुसलमानही. आडनावावरून माणूस ओळखता येत नाही, हे नाझींनाही कळले होते. ऑगस्ट 1938 मध्ये त्यांनी हुकूम काढला. ज्यांचे पहिले नाव सरकारी यादीप्रमाणे 'ज्यू' वाटत नाही, अशा ज्यू पुरुषांनी 'इस्रायल' आणि स्त्रियांनी 'सारा' हे जादा नाव लावावे. नावावरून माणूस सापडेना, म्हणून नावालाच शिक्का मारला. पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे.

आडनाव आपल्याला एवढेच सांगते की कोणे एके काळी या घरातले कुणीतरी काय काम करत होते. ते काम प्रामाणिक असेल, तर त्या नावात लाजण्यासारखे काही नाही. खाटीक हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांनी, खाच नसलेली ती सुरी एकदा आठवावी.