रुळाच्या तुकड्याची ऐरण

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली. पुढे पोलादी रूळ देशभर पसरले आणि झिजून भंगारात निघालेले त्यांचे तुकडे लोहारांच्या हाती लागले. घरगुती ऐरणीसाठी याहून सोयीचा माल मिळणं कठीण होतं.

शिंगाची जड ऐरण युरोपातून आली. बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणाऱ्या घिसाड्यांना ती परवडणारी नव्हती, पेलणारीही नव्हती. त्यांची ऐरण लहान, खाली निमुळती, थेट जमिनीत ठोकलेली. पुरुष सांडशीत लाल लोखंड धरून फिरवतो आणि समोरून बाई घण घालते. तिच्या या कष्टांना आपल्या उद्योगांच्या इतिहासात फार थोडी जागा मिळाली, हे मनाला लागतं.

रूळ आडवा ठेवला तर घावागणिक उसळतो. उभा गाडला की सगळं वजन घावाखाली येतं.

मोटारी आल्या तसे कमानीचे मोडके पाटे कोयते-सुऱ्यांसाठी वापरात आले. या पोलादात साधारण ०.६ टक्के कार्बन असतो, त्यामुळे ते पाणी चांगलं धरतं. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला तापलेलं पोलाद चुंबकाला चिकटत नाही. पातं त्याहून थोडं अधिक तापवून तेलात बुडवतात. नुसतं असं पाजलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. म्हणून ते घासून उजळ करायचं आणि मंद आचेवर वाळल्या गवताचा फिकट पिवळा रंग चढेपर्यंत धरायचं. रंग निळ्यावर गेला की धार मऊ पडते आणि पाणी पुन्हा द्यावं लागतं.