सिगारच्या शेपटाला बांधलेलं भाडं

'बसून खातो' हे मराठीत कौतुक नव्हे. त्यातून सुटतो तो फक्त घरमालक. इस्पितळासारखी इमारत विकत घेऊन भाडं खाणं एकट्यादुकट्याच्या आवाक्यातलं नाही, म्हणून ते वाटून खायची सोय झाली. तिला रीट म्हणतात, म्हणजे इमारतींत पैसा घालून भाडं वाटणारा न्यास. हल्ली एसआयपीच्या चालीवर दरमहा थोडे पैसे घालून रुग्णालयांच्या रीटचे शेअर जमवा, असा सल्ला ऐकू येतो. पण या सोयीचा जन्म तंबाखूच्या घरातला आहे.

14 सप्टेंबर 1960 रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ज्या अमेरिकी कायद्यावर सही केली, तो मुळात सिगारवरच्या अबकारी कराचा. रीटची कलमं त्याच्या शेपटाला बांधलेली. किमान 100 भागधारक हवेत आणि करपात्र उत्पन्नातले 90 टक्के त्यांना वाटायला हवेत. मग वाटलेल्या पैशावर कंपनीकर नाही. बोस्टनमध्ये असे न्यास एकोणिसाव्या शतकातच होते. 1935 च्या एका निकालाने त्यांना कंपन्यांच्या रांगेत बसवलं आणि त्यांची करसवलत गेली. 1960 च्या कायद्याने ती परत दिली.

पण रुग्णालयाचं भाडं शेवटी रुग्णाच्या बिलातून यायचं, आणि म्हातारा आजारी माणूस बिल भरेल याचा भरवसा कुणी धरावा? तो भरवसा 1965 मध्ये सरकारने दिला. 30 जुलैला अध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्धांसाठीची मेडिकेअर आणि गरिबांसाठीची मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर सही केली आणि शुश्रूषागृहातल्या खाटांचे पैसे तिजोरीतून येऊ लागले. 1970 मध्ये ओहायोतल्या लिमा या लहान शहरात फ्रिट्झ वुल्फ आणि ब्रूस थॉम्पसन यांनी केवळ आरोग्याच्या इमारतींत पैसा घालणारा पहिला रीट काढला. आज त्याचं नाव वेलटॉवर.

या धंद्यातला लाडका करार म्हणजे 'ट्रिपल नेट'. मालमत्ता कर भाडेकरूचा, विमा भाडेकरूचा, दुरुस्तीही त्याचीच. छप्पर गळलं तर बादली त्यानेच लावायची. मालकाने फक्त भाडं मोजायचं. पागडीच्या चाळीचा मालक हे वाचून हळहळेल.

फक्त भाडेकरू टिकायला हवा. केंटकीतल्या व्हेन्कॉर कंपनीने 1998 मध्ये स्वतःचे दोन भाग केले: इमारती व्हेन्टासकडे, रुग्णसेवा नव्या व्हेन्कॉरकडे. व्हेन्टासचं जवळजवळ सगळं भाडं या एकाच घरातून यायचं. त्याच सुमारास, 1997 च्या कायद्यामुळे, मेडिकेअरने शुश्रूषागृहांचे दर आवळले आणि 1999 मध्ये व्हेन्कॉर दिवाळखोरीत गेली. भिंतींना तडाही नव्हता. व्हेन्टास त्यातून वाचली आणि आज बड्या नावांत गणली जाते. पण तेव्हाच्या भागधारकांना भाड्याचा खरा उगम कळला असावा.

आता आपला हिशेब. दरमहा 10,000 रुपये घातले आणि वाटपाचा दर 5 टक्के धरला, तर पहिल्या वर्षीच्या 1,20,000 वर पुढे वर्षाला 6,000 येतील, म्हणजे महिन्याला 500. लाभांश पुन्हा त्यातच घालत राहिलं तर हा आकडा वाढतो, पण सावकाश. 'पॅसिव्ह इन्कम' म्हणणारे बहुधा हे 500 सांगत नाहीत.

रुग्णालयाच्या भिंती वेगळ्या करायचा प्रयोग मुंबईनेही पाहिला आहे. 2012 मध्ये सिंगापूरच्या बाजारात रेलिगेअर हेल्थ ट्रस्टची नोंदणी झाली. नावाने रीट नव्हे, बिझनेस ट्रस्ट. पण जातकुळी तीच. फोर्टिसच्या भारतातल्या रुग्णालयांच्या मालमत्ता तिच्याकडे, त्यात मुलुंड आणि कल्याणही. मुलुंडच्या खिडकीवर पैसे भरणाऱ्या रुग्णाला काय पत्ता, की त्यातला एक वाटा सिंगापूरच्या युनिटधारकांच्या खात्यात पोचतोय! जानेवारी 2019 मध्ये फोर्टिसने त्या मालमत्ता परत घेतल्या. त्याच एप्रिलमध्ये भारतातला पहिला रीट मुंबईच्या शेअर बाजारात आला, एम्बसीचा. त्यात होती ती मुख्यतः ऑफिसं. रुग्णालयाची खाट एकही नव्हती.