रांग का संपत नाही? जखमी सैनिक, पेन्शन आणि पुराव्याचं ओझं

आजचा भाग सुरू होतो एका सरकारी ऑफिसच्या मजल्यावर. 2012 साल, अमेरिकेतलं विन्स्टन-सेलम. माजी सैनिकांचे अपंगत्वाचे दावे तपासणारं हे ऑफिस. कपाटं भरून गेल्यावर सुमारे 37,000 फाइली कपाटांच्या वर रचून ठेवल्या होत्या. तपासणी पथकाने लिहिलं की हे वजन मजल्याच्या क्षमतेपलीकडे गेलंय. पुढच्या मार्चपर्यंत देशभरात 125 दिवसांहून जास्त रखडलेले दावे 6 लाख 11 हजारांवर गेले.

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या डोक्यात पहिलं उत्तर येणार ते म्हणजे सगळं स्कॅन करा! आणि त्यांनी ते केलंही. जून 2013 पर्यंत सगळ्या 56 प्रादेशिक ऑफिसांत नवी संगणक प्रणाली आली, कर्मचाऱ्यांनी ओव्हरटाइम केला आणि ऑगस्ट 2015 मध्ये तो आकडा एक लाखाच्या खाली आला. मग प्रश्न सुटला का? तर नाही. निकालाविरुद्धच्या अपिलांची वेगळी रांग होतीच. त्यासाठी 2017 मध्ये नवा कायदा करावा लागला.

म्हणजे अडचण नुसती कागदाची नव्हती. ती कळण्यासाठी दीडशे वर्षं मागे जाऊया.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, 1862 मध्ये, जखमी सैनिकांसाठी पेन्शनचा कायदा झाला. पूर्ण अपंग झालेल्या साध्या शिपायाला महिन्याला 8 डॉलर. पण अट अशी की अपंगत्व लष्करी सेवेमुळेच आलंय हे सिद्ध करायचं. त्यासाठी अधिकाऱ्याची, डॉक्टरची किंवा सोबतच्या शिपायांची साक्ष हवी. आता विचार करा, ज्याने साक्ष द्यायची तोच लढाईत गेला असेल तर? गोळी लागल्याची खूण तरी अंगावर राहते. छावणीतल्या जुलाबाने कायमचं खंगलेल्या माणसाने काय दाखवायचं?

1879 मध्ये आणखी एक कायदा आला. ठरलेल्या मुदतीत अर्ज केला तर सैन्य सोडल्या दिवसापासूनची थकबाकी मिळणार! अर्जांचा पूर आला. वॉशिंग्टनमध्ये पेन्शन ऑफिससाठी दीड कोटीहून जास्त विटांची एक प्रचंड इमारत उभी राहिली. ती 1887 मध्ये पूर्ण झाली. तिथे कागद टोपल्यांत घालून रुळावरून सरकवले जात. आजच्या भाषेत, जोरदार ऑटोमेशन!

खरा बदल मात्र 1890 च्या कायद्याने केला. किमान 90 दिवसांची सेवा आणि अंगमेहनत करता न येण्याइतकं अपंगत्व एवढं पुरेसं झालं. ते युद्धामुळेच आलं हे सिद्ध करायची गरज उरली नाही. यावर टीकाही खूप झाली, मतांसाठी तिजोरी उघडली म्हणून. खर्च खरंच वाढला. 1893 पर्यंत पेन्शनर साडेनऊ लाखांवर गेले.

पुढे तेच चक्र पुन्हा फिरलं. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या 'एजंट ऑरेंज'मुळे काही आजार झाले हे गृहीत धरणारा कायदा आला 1991 मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर 16 वर्षांनी. इराक-अफगाणिस्तानात कचरा जाळण्याच्या खड्ड्यांचा धूर प्यालेल्यांसाठी तसाच कायदा 2022 मध्ये झाला. असा कायदा आला की दावे वाढतात आणि रांग लांबलेली दिसते. पण ही माणसं आधीही होतीच की! फक्त कुठल्या आकड्यात दिसत नव्हती.

आपल्याकडेही हाच प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. लष्कराच्या सिग्नल्स विभागातल्या एका शिपायाला 1994 मध्ये 20 टक्के अपंगत्वामुळे घरी पाठवलं आणि पेन्शन नाकारली. 'धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार' या खटल्याचा निकाल लागला जुलै 2013 मध्ये. कोर्ट म्हणालं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे झाला असं मानायचं. नसेल झाला, तर ते सरकारने दाखवावं. निकाल रास्तच आहे. पण मधली 19 वर्षं?

म्हणून कुठे रखडलेल्या दाव्यांचा आकडा वाचलात, तर 'कारकून किती आणि कॉम्प्युटर किती' यावर थांबू नका. पुरावा कुणाकडून मागतायत, ते आधी बघा. भरतीची, दवाखान्याची, नेमणुकीची सगळी कागदपत्रं सरकारच्याच ताब्यात असतात. ती शोधायला आजारी माणसाला पाठवलं, तर सर्व्हर कितीही वेगवान आणा, रांग हलणार नाही.

तुमच्या घरात कुणी फौजेत होतं का? त्यांच्या पेन्शनची गोष्ट कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!