तळटीप: किरणोत्सवाचा कोन

* 'कोन' : येथे पश्चिम दिशा आणि मावळत्या सूर्याची दिशा यांमधला कोन अभिप्रेत आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, सुमारे 18 अंश दक्षिणेकडे कललेला असतो. तेव्हा मावळतीचे किरण मंदिराच्या महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात, हाच किरणोत्सव. परंपरेने पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. वर्षातून दोनदाच का, याचे उत्तर सोपे आहे: 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन परततो, म्हणून त्याच्या आधी आणि नंतर साधारण सहा आठवड्यांनी तोच कोन पुन्हा येतो. मावळतीची जागा रोज पाव अंशाहून किंचित अधिक सरकते. पाव अंश म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण कोनाच्या भुजा लांबवल्या की माप तेच राहते, भुजांमधले अंतर मात्र वाढते. शंभर फुटांवर ते सुमारे पाच इंच होते. किरणांच्या वाटेत येणाऱ्या उंच बांधकामांवरून वाद का होतो, हे यावरून कळावे. किरण अडवणाऱ्या ढगांना मात्र भूमितीत उत्तर नाही.