मज्जेसाठी केलेला प्रवास

‘रक्ताचा कर्करोग आहे, परदेशी न्यावे लागेल’ हे वाक्य आपल्याकडच्या अनेक कुटुंबांनी एके काळी ऐकलेले आहे. परदेशी जाऊन नेमके काय मिळत असे? औषधे इथे मागवता येत होती. जे इथे मिळत नव्हते ते म्हणजे अस्थिमज्जेचे रोपण. या उपचाराच्या इतिहासातला पहिला मोठा प्रवास मात्र कर्करोग झालेल्यांनी केलेला नाही. तो केला बेलग्रेडजवळच्या सहा धडधाकट तरुण माणसांनी.

बेलग्रेडजवळ विंचा येथे युगोस्लाव्हियाची अणुसंशोधन संस्था होती. ती उभी करणारे पावले साविच हे दुसऱ्या महायुद्धापूर्वी पॅरिसला इरेन जोलिओ-क्यूरी यांच्याबरोबर युरेनियमवर काम करून आलेले. विंचातली एक छोटी अणुभट्टी नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी यांवर चाले. तिच्यातून उष्णता जवळजवळ निघतच नसे, म्हणून तिच्याभोवती प्रारणे अडवणारी भिंतही बांधलेली नव्हती. १५ ऑक्टोबर १९५८ रोजी एका प्रयोगात जड पाण्याची पातळी थोडी जास्त वाढली आणि साखळी प्रक्रिया वाढत गेली. मोजणी करणारे एक उपकरण संपृक्त झाल्यामुळे एकाच आकड्यावर स्थिरावले होते, त्यामुळे सारे ठीक आहे असेच वाटत राहिले. शेवटी कोणाला तरी ओझोनचा वास आला. उपकरणाने जे सांगितले नाही ते नाकाने सांगितले! तोवर काही मिनिटे गेली होती आणि सहा जणांच्या शरीरांतून न्यूट्रॉन व गॅमा किरण आरपार गेले होते.

दुसऱ्याच दिवशी त्यांना विमानाने पॅरिसला, क्यूरी प्रतिष्ठानच्या रुग्णालयात नेण्यात आले. साविच ज्या वाटेने विज्ञान शिकायला गेले होते, जवळपास त्याच वाटेने.

पहिल्या दिवसांतील मळमळ ओसरल्यावर ही माणसे बरीच बरी दिसत होती. याचे कारण विद्यार्थ्यांना समजावून देण्याजोगे आहे. प्रारणांचा मोठा घाव बसतो तो विभाजन पावणाऱ्या पेशींवर, म्हणजे मज्जेतल्या मूळपेशींवर. रक्तात आधीच फिरत असलेल्या पेशी आपले आयुष्य जगतात : तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस, रक्तबिंबिका आठ-दहा दिवस, जंतूंशी लढणाऱ्या बहुतेक पांढऱ्या पेशी तर त्याहूनही थोडा काळ. कारखाना बंद पडला तरी गोदामातला माल संपेपर्यंत दुकान चालू राहावे, तसे हे. पुढच्या आठवड्यांत गोदाम रिकामे होऊ लागले.

तेथील डॉक्टर जॉर्ज माते यांनी महिन्याभराने एक अवघड निर्णय घेतला. उंदरांवरचे प्रयोग त्यांना ठाऊक होते. प्रारणे देताना उंदराची प्लीहा शिशाने झाकली तर तो वाचतो, हे १९४९ साली लिऑन जेकबसन यांनी दाखवले होते. नंतर निरोगी उंदराची मज्जा टोचूनही तेच साधते असे दिसले. आपल्याकडे प्लीहेला पाणथरी म्हणतात. उंदरात ती रक्त बनवण्याचे काम मोठेपणीही करते, माणसात नाही. म्हणून उरली मज्जा.

अशा माणसांना परक्याची मज्जा देणे जवळपास अनोळखी वाटेवरचे पाऊल होते. फ्रेंच दाते स्वेच्छेने पुढे आले. त्यांच्या हाडांतून सुईने मज्जा ओढून घेण्यात आली आणि ती शिरेतून दिली गेली. मज्जारोपण म्हणजे हाडावरची शस्त्रक्रिया असा समज शिक्षकांतही आढळतो. प्रत्यक्षात ते रक्त चढवण्यासारखे असते. पेशी रक्तातून फिरत आपणहून मज्जेत जाऊन बसतात. पत्ता त्यांना कोणी सांगावा लागत नाही.

सहांपैकी एक जण वाचला नाही. पाच जण वाचले. दात्याच्या पेशी त्यांपैकी मज्जा मिळालेल्यांच्या रक्तात काही काळ दिसल्या आणि मग नाहीशा झाल्या, कारण दरम्यान त्यांची स्वतःची मज्जा सावरली होती. १९६० साली त्याच अणुभट्टीवर आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली मात्रा पुन्हा मोजण्यात आल्या. त्या सुमारे २ ते ४ ग्रे इतक्या निघाल्या, म्हणजे आधी भीती वाटली होती त्यापेक्षा बऱ्याच कमी. मग रोपणाने जीव वाचला की माणसे तशीही वाचली असती? हा वाद पुढे चालला. माझे मत असे की परक्या पेशींनी फार तर काही आठवड्यांचा पूल बांधला असेल. पुलाचे काम तेवढेच असते आणि इथे तेवढे पुरले.

रक्ताच्या कर्करोगात नेमके हेच पुरत नाही. तिथे रुग्णाची मज्जाच दूषित असते. ती सावरून परत यावी असे कोणालाच नको असते. तिला प्रारणांनी व औषधांनी पुरते संपवायचे आणि परक्या पेशींना कायमचे घर द्यायचे, ही कल्पना. म्हणजे विंचाच्या रुग्णांना ज्या गोष्टीने हात दिला असेल, रोपण टिकू नये या गोष्टीने, तीच इथे पराभव ठरते. आणि रोपण टिकले तर दुसरे संकट येते : दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर हल्ला करतात. १९६३ साली माते यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला अनेक नातलगांची मज्जा दिली. तो वीस महिने जगला. त्या काळाच्या मानाने हे मोठे यश होते. पण १९७० साली जगभरच्या सुमारे २०० रोपणांचा आढावा घेतला गेला तेव्हा चित्र इतके निराशाजनक होते की बऱ्याच जणांनी हा विषयच सोडून दिला.

अडचण कुठे होती? १९५८ सालीच, त्याच पॅरिस शहरात, झां दोसे यांनी पांढऱ्या पेशींवरचा एक प्रतिजन ओळखला होता. रक्तगट तांबड्या पेशींवर असतात, तसे हे ऊतींचे गट. एकाच शहरात एकीकडे मज्जा दिली जात होती आणि दुसरीकडे ती का टिकत नाही याचे उत्तर सापडत होते. दोन्ही धागे जुळायला दहा वर्षे लागली. या प्रकारच्या शोधांसाठी दोसे यांना १९८० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ऊतींचे हे गट ठरवणारी जनुके एकाच गुणसूत्रावर दाटीने असतात आणि सहसा एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात. आईकडून दोनांपैकी एक गठ्ठा, वडिलांकडून दोनांपैकी एक. म्हणून सख्ख्या भावाशी वा बहिणीशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. भावंडे दोन असली तर त्यांपैकी निदान एक जुळण्याची शक्यता ४४ टक्के, चार असली तर ६८ टक्के. संभाव्यतेचा हा हिशेब दहावीच्या वर्गात सहज करून घेता येईल.

म्हणून उपचारासाठी परदेशी जाणाऱ्याबरोबर पुष्कळदा भावंडही जात असे. पैसा, व्हिसा, रुग्णालयातली जागा हे सारे जमले तरी जुळणारी मज्जा घरातूनच न्यावी लागे.

सारे सोडून देत असताना चिकाटीने टिकून राहिले ते डॉनल टॉमस. त्यांची सुरुवातही अपयशाचीच होती. १९५७ साली त्यांनी सहा रुग्णांना मज्जा दिली, कोणीही शंभर दिवसांपलीकडे जगले नाही. सिअॅटलमध्ये त्यांनी बरीच वर्षे कुत्र्यांवर प्रयोग केले, ऊतींचे गट जुळवले आणि मग पुन्हा माणसांकडे वळले. १९७७ साली त्यांनी १०० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हे सगळे इतर उपाय थकलेले रुग्ण, आणि त्यांतले १३ जण रोगमुक्त राहिले. शंभरात तेरा हा आकडा कोणाला लहान वाटेल. ज्या रोगात तो शून्य होता तिथे तो प्रचंड होता. सिअॅटलची वाट जगभरच्या रुग्णांना माहीत झाली ती यानंतर. टॉमस यांना १९९० चे नोबेल मिळाले.

त्याच वाटेने डॉक्टरही गेले. मुंबईचे डॉ. सुरेश अडवाणी सिअॅटलला शिकून आले आणि मार्च १९८३ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात भारतातले पहिले मज्जारोपण झाले. लहानपणी पोलिओ झालेले अडवाणी चाकाच्या खुर्चीतून हे काम करत, हेही मुलांना जरूर सांगावे. १९८६ पासून वेल्लोरलाही रोपणे होऊ लागली. विमानाच्या तिकिटाचा प्रश्न तेवढा मागे पडला.

जुळणाऱ्या दात्याचा प्रश्न मात्र राहिलाच, आणि कुटुंबे लहान होत गेली तसा तो वाढला. अनोळखी दात्यांची नोंदणी १९७४ साली लंडनमध्ये सुरू झाली, ती एका आजारी मुलाच्या आईच्या धडपडीतून. पण ऊतींचे गट वंशपरंपरेने येतात आणि पाश्चात्त्य नोंदण्यांत बहुतांश दाते युरोपीय वंशाचे. २०१४ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात युरोपीय वंशाच्या रुग्णाला तिथल्या नोंदणीत पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के होती, तर दक्षिण आशियाई वंशाच्या रुग्णाची जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे भारतीय रुग्णाने सातासमुद्रापार जाऊनही तिथला खजिना त्याच्यासाठी बराचसा कुलूपबंदच. आता अर्धे जुळणारे आई-वडील वा मुलेही दाते होऊ शकतात. रोपणानंतर काही दिवसांनी सायक्लोफॉस्फामाइड देऊन हल्लेखोर पेशी आवरण्याची पद्धत २००८ च्या सुमारास पुढे आली, तेव्हापासून ही वाट रुंदावली.

अनोळखी दाता सापडलाच, तर आज बहुधा रुग्ण प्रवास करत नाही, पेशी करतात. दुसऱ्या देशातल्या दात्याच्या पेशींची पिशवी थंड पेटीत ठेवून एक माणूस ती विमानात स्वतःजवळ बाळगतो. दोन-तीन दिवसांत ती रुग्णापर्यंत पोहोचवायची असते. पेटीवर एक सूचना ठळक लिहिलेली असते : विमानतळावर ही क्ष-किरणांखाली घालू नये.